दिवेलागणीच्या आधी मतदान

सप्टेंबरची नऊ तारीख. मी एम.ए.ला होते, विद्यापीठाच्या वादसभेची अध्यक्ष होते आणि त्या संध्याकाळी हॉलमध्ये खुर्च्या मांडत होते. सभेपुढचा शेवटचा विषय मलाच पदावरून काढण्याचा होता.

आमच्या अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणांच्या वस्तीत, मुलींनी दिवेलागणीला घरी असायचं. सभेतल्या इतर मुलींच्या घरीही तेच. आणि अध्यक्ष उठून गेली की सभा उपाध्यक्षानं चालवायची, असा नियम होता. उपाध्यक्षाला हे पक्कं ठाऊक होतं. त्यानं आधी सगळ्यांसाठी चहा मागवला, मग मागच्या सभेचा वृत्तांत सावकाश वाचला.

"अध्यक्षबाई, घरी भात लावायचा असेल ना?" तो कन्नडमध्ये म्हणाला. मुलं हसली.

बाहेर अंधारू लागलं. दोघी-तिघींनी पिशव्या उचलल्या. तेवढ्यात माझे वडील, अप्पा, दारात आले. "चल गं, आई वाट बघतीय."

"बसा अप्पा," मी मागची खुर्ची दाखवली. "शेवटचा विषय आत्ताच घेते."

"असा क्रम बदलता येत नाही," उपाध्यक्ष उठून उभा राहिला.

"क्रम अध्यक्ष ठरवते. ठरावाच्या विरोधात कोण आहे, हात वर करा."

मुलींनी पिशव्या खांद्याला लावूनच हात वर केले. काही मुलांनीही केले. मोजले तर हात निम्म्याहून जास्त होते. ठराव पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसस्टँडवर जाऊन बन्नूर गावाहून येणारी पहिली बस किती वाजता पोचते ते विचारलं, कारण उपाध्यक्ष रोज तिकडून यायचा. मग त्याच्या अर्धा तास आधीची वेळ घालून फलकावर सूचना लावली: यापुढे सभा सकाळी भरेल.