रूथच्या अंगावरच्या देवी आणि माझा हट्ट

डॉक्टरांनी रूथच्या कपाळावरचे फोड पाहिले, तिचे तळहात उलटून पाहिले आणि ओसरीवर येऊन मला सांगितलं, "स्मॉलपॉक्स आहे, मास्तर." स्मॉलपॉक्स म्हणजे देवी. तीन दिवस पोरीला ताप होता, पाठ दुखत होती, आणि आम्ही ऊन लागलं समजून तळपायांना कांदा चोळत बसलो होतो.

जाताना त्यांनी आणखी एक इंग्रजी शब्द सांगितला, आयसोलेशन. म्हणजे रोग्याला सगळ्यांपासून वेगळं ठेवायचं. मला लस टोचलेली होती म्हणून रूथजवळ मी राहावं आणि माझ्या बायकोने, एस्तेरने, तान्ह्या शमुवेलला घेऊन शाळेच्या खोलीत राहावं, असं ठरलं. शमुवेल तीन महिन्यांचा होता. हिवाळ्यात लस टोचणारा आमच्या धरणगावात येऊन गेला तेव्हा रूथला खोकला होता म्हणून ती राहून गेली, आणि शमुवेल तर जन्मायचाच होता.

आता माझी चूक सांगतो. ती सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

आमच्या शेजारी सोनाअक्का राहत. शेतकऱ्याच्या घरातल्या, विधवा, तोंडभर देवीचे व्रण. त्यांनी त्याच दुपारी आमच्या दारावर कडुनिंबाची डहाळी बांधली आणि बजावलं की देवी घरात असेपर्यंत फोडणी नको, पाहुणा नको, कोणाची ये-जा नको. मी डहाळी काढून टाकली. बाप्तिस्मा घेऊन मला नऊ वर्षं झाली होती. "आमच्या घरी देवी येत नाही, अक्का, आजार येतो," असं मी म्हणालो आणि आपलं उत्तर मला फार बाणेदार वाटलं. त्या डहाळी उचलून घेऊन गेल्या.

डॉक्टरांचं आयसोलेशन आणि अक्कांचा नेम मला एकाच माळेचे मणी वाटले. दार लावून घेतलं तर गाव म्हणेल, मास्तर अजून देवीला भितो. म्हणून रविवारी मी मंडळीला, म्हणजे आमच्या चर्चच्या माणसांना, प्रार्थनेसाठी घरीच बोलावलं. आठ-दहा माणसं, सगळी मिशनच्या बोर्डिंगात लहानपणी लस टोचून घेतलेली. आम्ही रूथच्या खाटेभोवती गायलो, गुडघे टेकले. एस्तेर तान्ह्याला घेऊन अंगणातच थांबली होती. प्रार्थनेला घरातलं लेकरू बाहेर कशाला, म्हणून मीच तिला खुणेने आत बोलावलं.

पुढचे दिवस रूथचे फार वाईट गेले. फोडांचे पस्च्यूल झाले, म्हणजे त्यांत पू भरला. डोळे सुजून मिटले. ती खाजवायची आणि मी नुसता तिचे हात धरून रडायचो. पाचव्या दिवशी सोनाअक्का पुन्हा दारात उभ्या राहिल्या.

"माले येल शे, मास्तर, आते परत येत नही," त्या म्हणाल्या. "तुमनी पोरले मी पाहस."

ज्याला देवी एकदा येऊन गेल्या त्याला सहसा पुन्हा येत नाहीत, हे डॉक्टरांनीही सांगितलं. अक्कांनी रूथच्या हातांना मऊ फडकी गुंडाळली. उकळून गार केलेल्या पाण्याने त्या घटकेघटकेला तिचे डोळे पुसत. पुसताना देवीची गाणी गुणगुणत. ती मला ऐकू येत होती, पण भांडायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं.

रविवारपासून बाराव्या दिवशी शमुवेलला ताप भरला. ह्या मधल्या काळाला इन्क्युबेशन म्हणतात, म्हणजे रोग अंगात शिरून गुपचूप वाढण्याचे दिवस. रूथला अक्कांवर सोपवून आम्ही त्याला बैलगाडीने जळगावला नेलं. मेहरूणच्या बाजूला गावाबाहेर अशा रोग्यांसाठी झोपड्या घातल्या होत्या. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी विचारलं, इतक्या लहान लेकराला लागण झाली कशी. मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ हात धूत राहिले.

"वेगळं ठेवणं म्हणजे पूजा नव्हे, मास्तर," ते म्हणाले. "आणि प्रार्थना दाराबाहेरूनही करता येते."

सहाव्या दिवशी सकाळी शमुवेल गेला. मंडळीला यायची मनाई होती. मी, एस्तेर आणि तिथला एक नोकर, एवढ्यांनीच त्याला मातीत ठेवलं.

घरी आलो तर रूथ उठून बसली होती. चेहरा खड्ड्यांनी भरला होता, पण दोन्ही डोळे शाबूत होते. तिने बाळ कुठे म्हणून विचारलं. तेव्हा अक्कांनीच तिला मांडीवर घेऊन सांगितलं.

ज्यांच्या घरी हा आजार येईल त्यांना माझी विनवणी आहे. आधी लस टोचून घ्या. रोग्याला वेगळं ठेवा. गाव काय म्हणेल ते म्हणू द्या. मला धडा मिळावा म्हणून देवाने माझं लेकरू नेलं, असं मंडळीतल्या एकांनी मला समजावलं. मी ते मानत नाही. देवाने आमचा सांभाळ करायला माणसं वेळेवर पाठवली होती, डॉक्टरही आणि अक्काही. त्यांचं न ऐकणारा मी होतो.

एस्तेरने मला आजवर एका शब्दाने बोल लावलेला नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेत ती दोन्ही लेकरांची नावं घेऊन देवाचे आभार मानते. रूथच्या नावाला मी आमेन म्हणतो. शमुवेलच्या नावाला माझा आवाज फुटत नाही. एस्तेर थोडी थांबते, आणि मग माझ्या वाटचं आमेन रूथ म्हणते.