टाकीत उरलेलं डिझेल

"मामा, पप्पा गेले..." लातूरहून भाचीचा फोन आला तेव्हा मी नांदेडला ऑफिसात होतो. दाजी सकाळी गाडीच्या चाकांतली हवा बघायला अंगणात गेले, चाकाजवळ खाली बसले आणि उठलेच नाहीत.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. तहसील कार्यालयातून निवृत्त झाल्यावर त्यांनी एका शाळेची जुनी मिनीबस घेतली. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवली. आक्काला सांची, बोधगया दाखवायचं त्यांच्या मनात होतं. पण गाडी डिझेल इतकं प्यायची, की पहिल्या फेरीनंतर आक्का म्हणाली, "ही आपल्याला जिल्ह्याबाहेर जाऊ द्यायची न्हाई." मग दाजी गाडीचं वजन कमी करायच्या हात धुऊन मागं लागले. टपावरचं लोखंडी कॅरिअर उतरवलं, लोखंडी पलंग काढून प्लायवूडची फळी टाकली, एअर फिल्टर बदलला. आक्काची पत्र्याची पेटीही उतरवली, त्यावर ती दिवसभर बोलली नाही. गाडी मात्र सुधारली, आणि दोघं बोधगयेला जाऊन आले.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही तिघं मुखेडला एका लग्नाला गेलो. डिझेलच्या टँकरवाल्यांचा संप सुरू होता, पंप कोरडे पडले होते. दुपारी जेवता जेवता आक्काच्या छातीत कळ आली. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, नांदेडला हलवा. रुग्णवाहिका दुसरा पेशंट घेऊन गेलेली. जीपवाल्यांकडे डिझेल नव्हतं. आमच्या गाडीचा काटा तळाला आलेला.

दाजींनी पाण्याची टाकी रिकामी केली, शेगडी, सिलिंडर, भांडी लग्नघरी उतरवली. आक्काला फळीवर निजवलं आणि निघाले. मी तिचा हात धरून बसलो. तिचं कपाळ घामानं डबडबलेलं, आणि गाडी आपली संथ चाललेली... मागून मोटारसायकली पुढं निघून जात होत्या.

"दाजी, पळवा की जरा," मी म्हणालो.

"पळविली तर लोह्यातच बंद पडंल," ते मागं न बघता म्हणाले. "तू तिच्याशी बोलत ऱ्हा."

कंधारच्या अलीकडे आक्काचे डोळे मिटले. मी हाका मारल्या. दाजींच्या मानेची शीर तटतटली होती, पण पायाचा दाब तसूभरही वाढला नाही. लोह्यातला पंप दिसला, तोही दोरी बांधून बंद. नांदेडच्या दवाखान्याच्या फाटकात गाडीनं दोन आचके दिले आणि बंद पडली. वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन धावले. आक्का आत गेली तरी दाजींची बोटं स्टिअरिंगवरून सुटेनात. मी एकेक बोट सोडवलं... "वाचंल ना रे?" एवढंच त्यांनी विचारलं.

आक्का वाचली. दाजी गेले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर आक्का मला म्हणाली, "गाडी सुरू कर, उभ्यानं गंजंल." मी चालकाच्या जागेवर बसलो, तर पाय क्लचपर्यंत पोचेनात. दाजी उंच होते. सीट पुढं घ्यायला मी खालचा दांडा धरला.

"ऱ्हाऊ दे," आक्का खिडकीशी येऊन म्हणाली. "पाठीला उशी घे."

ती आतून उशी घेऊन आली.