बाईंची उपच्छाया

आमच्या कोपरीतल्या सोसायटीत बाईंइतकं घाबरट माणूस दुसरं नव्हतं आणि हे सगळ्यांना त्या स्वतःच सांगायच्या. लिफ्टमध्ये एकट्या चढायच्या नाहीत. त्यांच्या यजमानांना, आमच्या काकांना, बाजारातून यायला जरा उशीर झाला, की गॅलरीत उभ्या राहायच्या. नवरात्रात टेंभी नाक्याची देवी बघायला आम्ही सगळे जायचो, तेव्हा त्या गर्दीच्या कडेनेच हात जोडून परत फिरायच्या. कुणी हसलं तर म्हणायच्या, "हसा. मला भीती वाटते. ती काही चोरीची वस्तू नाही लपवायला."

बाई डोंबिवलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायच्या. मी त्यांच्या शाळेत नव्हते, पण मजला एकच असल्यामुळे दहावीपर्यंत त्यांच्या जेवणाच्या टेबलावरच अभ्यास केला. वर्गात त्यांना ऐकलेल्यांना त्या घाबरट आहेत हे सांगूनही खरं वाटायचं नाही. विषय हातात आला की त्यांचा आवाज बदलायचा.

ग्रहणाचा धडा शिकवताना त्यांनी टेबल लॅम्प लावला, मध्ये माझ्या भावाचा रबरी चेंडू धरला आणि भिंतीवरची सावली दाखवली. मधे गडद गोल, भोवती फिकट कडा. मी वहीत 'उपच्छाया म्हणजे अर्धवट सावली' असं लिहिलं. बाईंनी ते खोडलं.

"अर्धवट म्हणजे काय? कामं अर्धवट असतात. त्या कडेवर मुंगी बसली आहे असं समज. तिला तिथून दिवा दिसतो का?"

"थोडा दिसेल."

"मग तेच लिही. जिथून दिव्याचा काही भाग अजून दिसतो ती उपच्छाया. अजिबात दिसत नाही ती प्रच्छाया."

हा शब्द त्यांचा फार लाडका होता. गच्चीवर दुर्बिणीतून कागदावर सूर्य पाडून त्यांनी आम्हाला सौर डाग दाखवले होते. त्या डागाच्या काळ्या ठिपक्याभोवतीच्या करड्या झालरीलाही उपच्छायाच म्हणतात, पण तिथे सावली कुणाचीच नसते, हे सांगताना त्यांना गंमत वाटायची. "शब्दाला पाय असतात गं," म्हणायच्या. पुढेपुढे त्या कशालाही तो लावू लागल्या. सहामाहीत काठावर आलेली मुलं 'उपच्छायेतली' असायची. माझं लग्न ठरतंय की मोडतंय हे कळत नव्हतं, तेव्हा आईला म्हणाल्या, "उपच्छायेत आहे. थांबा जरा." लग्न ठरलं, आणि सासर निघालं कोपरीतच, दोन गल्ल्या सोडून.

माझ्या गरोदरपणात छायाकल्प चंद्रग्रहण आलं. सासूबाई धास्तावल्या होत्या. बाई घरी येऊन त्यांना समजावून गेल्या, की या ग्रहणात चंद्र नुसता उपच्छायेतून जातो, डोळ्यांना धड कळतही नाही, पंचांगवालेसुद्धा ते पाळायला सांगत नाहीत. सासूबाईंना पटलं. जाताना दारात बाई माझ्या कानाशी लागल्या. "ग्रहणाला घाबरू नकोस. पण विळीवर बसू नकोस. विळी धारदार असते." त्यांचं भिणं असं व्यवहाराचं होतं.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी त्यांचा फोन आला. "मीनल, गाडी काढ. काकांचं तोंड वाकडं झालंय." एवढंच.

मी पोचले तेव्हा काका पलंगावर बसलेले होते. उजवा हात मांडीवर पडलेला. माझ्याकडे बघत होते, काहीतरी म्हणत होते, पण त्यातून शब्द होत नव्हता. वॉचमनच्या मदतीने त्यांना गाडीत बसवलं. माजिवड्याला वाहतूक तुंबली होती. पुढचा टेम्पो हलत नव्हता. माझा हॉर्नवरचा हात निघत नव्हता. मागे बाई काकांचं डोकं खांद्यावर घेऊन बारीक आवाजात सांगत होत्या, "सिग्नल आहे. आता सुटेल. आता वळलो, की आलंच." आरशात त्यांची हनुवटी थरथरताना दिसत होती.

हॉस्पिटलात एक तरुण महिला डॉक्टर होत्या. त्यांनी पहिलंच विचारलं, "शेवटचं नीट कधी पाहिलंत?"

"जेवले, माझ्याशी बोलले, झोपले," बाई म्हणाल्या. "उठले ते असे."

"म्हणजे झोपेत नक्की कधी झालं ते कळत नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे, पण उशीर झालेला असेल तर त्यानेच मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून आधी एमआरआय करतो. हे बघा, मधला भाग गेलेला असतो. त्याच्याभोवतीच्या भागाला रक्त कमी पडतंय, पण तो अजून जिवंत असतो. त्याला आम्ही पेनम्ब्रा म्हणतो. तो किती शिल्लक आहे त्यावर ठरवू."

"उपच्छाया," बाई म्हणाल्या.

"काय?"

"मराठीत उपच्छाया म्हणतात. अजून थोडा उजेड पोचतोय तो भाग."

"हो, तसंच. पण तो तसाच राहत नाही, आजी. थांबलो तर मधल्या काळोखात जातो."

बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी जन्मभर शिकवलेली उपच्छाया चंद्रावरून आपोआप सरकून जायची. या उपच्छायेचं असंही होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. काकांना आत न्यायला वॉर्डबॉय आला, तेव्हा त्या स्ट्रेचरवर वाकून त्यांच्या कानात काहीतरी बोलल्या. मग बाकावर माझ्या शेजारी बसल्या. कॅनडातला मुलगा फोन उचलत नव्हता. तिकडे पहाट व्हायची होती.

डॉक्टर परत आल्या. "बराच भाग वाचण्यासारखा आहे. पण धोका उरतोच. क्वचित जीवही जातो."

"आणि नाही दिलं तर?"

"बोलणं आणि उजवी बाजू, दोन्ही जायची शक्यता जास्त."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तू काय करशील?" मग डॉक्टरांकडे वळून म्हणाल्या, "मला फार भीती वाटतेय, डॉक्टर. द्या तुम्ही." आणि कागद पुढे ओढून त्यांनी सही केली.

ती रात्र आणि पुढचा दिवस आम्ही कसा काढला ते आठवायला नको. काका वाचले. उजवा हात पूर्वीचा झाला नाही, पण पाय चालू लागला आणि बोलणं हळूहळू, एकेक शब्द करत परत आलं. बाईंची भीती मात्र दुप्पट झाली. काका दुपारी झोपले की त्या मनगटावर बोटं ठेवून शेजारी बसून राहायच्या.

गेल्या पावसाळ्यात मात्र तापाचं निमित्त झालं आणि बाईच गेल्या. न्यूमोनिया झाला, फार वेळ मिळालाच नाही. मुलगा येऊन दिवस करून परत गेला. काकांना तो घेऊन जाणार होता, पण काका हटले नाहीत.

परवा दुपारी त्यांच्यासाठी भाजी घेऊन गेले होते. ते खिडकीशी बसले होते. मी निघाले तेव्हा त्यांनी हाताने थांबवलं. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागतो, म्हणून मी परत बसले.

"त्या दिवशी... हॉस्पिटलात... मला ऐकू येत होतं."

"काय, काका?"

"आत नेताना... ती कानाशी आली." ते थांबले, पुन्हा सुरुवात केली. "म्हणाली... घाबरायचं सगळं... माझ्याकडे द्या. तुम्ही नुसते... पडून राहा."

त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून नीट मांडीवर ठेवला.

"मग दिलं," ते म्हणाले. "सगळं दिलं."