विषारी जाऊबाई

माझ्या धाकट्या जावेनं मला विषारी ठरवलं. घरात नव्हे हो, नर्सिंगच्या तोंडी परीक्षेत, दोन परीक्षकांसमोर! सख्ख्या बहिणीसारखी वागवली तिला, त्याचं हे फळ.

आधी ती कशी ते सांगते. बाई मुखदुर्बळ. नवऱ्यासमोर तर तोंडातून शब्द फुटायचा नाही. लेक शाळेत जायला लागली तशी तिनं नर्सिंगला नाव घातलं, तेव्हा माझ्या दिरानं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, घर डोक्यावर घेतलं होतं. मी मध्ये पडले म्हणून गेली. पट्टी बांधणं, सुई टोचणं, जडशीळ पेशंटला कुशीवर वळवणं, सगळ्यात पुढे. गाडी अडली ती औषधशास्त्रात. दोनदा नापास! तिसऱ्यांदा झाली की कॉलेजातून नाव कमी, आणि दीर तर टपूनच बसलेला. "या वेळी गेलीस की पुस्तकं रद्दीत," रोज हेच.

आणि नापास का, तर शिकवणाऱ्या बाईंना त्यांनी सांगितलेली व्याख्या कानामात्रा न बदलता हवी. मुली त्यांना पोपटबाई म्हणतात ते काय उगाच? अहो, पेशंट काय व्याख्या ऐकून बरा होतो? औषध कशावर चालतं, कधी द्यायचं नाही, कशाबरोबर बाधतं, हे कळलं की झालं ना! पण नाही. घोका आणि ओका. त्यात औषधांची नावं अशी की म्हणताना जिभेला गाठ पडावी. माझं तर डोकंच फिरायचं तिचे सुजलेले डोळे बघून.

मग हिनं आपलंच डोकं चालवलं. भांडी घासताना आमच्यातल्या एकेकाकडे टक लावून बघायची आणि काहीतरी पुटपुटायची. सासूबाईंना वाटलं, जप करतेय. मला वाटलं, शिव्या घालतेय. खरं तर तिनं घरातल्या प्रत्येकाला एकेक औषध नेमून दिलं होतं, आणि आम्हाला त्याचा पत्ताच नाही.

परीक्षेला बाहेरून एक म्हातारे डॉक्टर आले होते. शेजारी पोपटबाई. डॉक्टरांनी विचारलं, "पेशंटला हृदयासाठी डिगॉक्सिन चालू आहे. त्यात लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड सुरू केलं. धोका काय?"

हिला दरदरून घाम. तिनं डोळे मिटले, घर आठवलं आणि घडाघडा बोलून मोकळी झाली, "फ्युरोसेमाइडनं सासूबाई कमी होतात, सर. आणि सासूबाई कमी झाल्या की जाऊबाई विषारी होतात."

पोपटबाईंनी शून्य द्यायला पेन उचललंच होतं. डॉक्टर म्हणाले, "थांबा हो. सासूबाई म्हणजे?"

"पोटॅशियम, सर."

मग रडत रडत सगळं सांगितलं. फ्युरोसेमाइड म्हणजे नवरा, आला की सगळ्यांना पळवतो. त्याचा आवाज चढला की सासूबाई उठून आतल्या खोलीत जातात. त्या बसलेल्या असल्या की सगळं ताळ्यावर असतं. त्या गेल्या की डिगॉक्सिन, म्हणजे अस्मादिक, डोस तेवढाच असून विष होतं! "म्हणून पोटॅशियम तपासत राहायचं. आणि डिगॉक्सिन देण्याआधी पेशंटची नाडी पूर्ण मिनिटभर मोजायची. साठच्या खाली असेल तर द्यायचं नाही, डॉक्टरांना कळवायचं."

"पण व्याख्या?" पोपटबाई म्हणाल्या.

"व्याख्या राहू द्या," डॉक्टर डोळे पुसत म्हणाले. हसून हसून पाणी आलं होतं त्यांच्या डोळ्यांत. "पास."

हे सगळं तिनं घरी येऊन सांगितलं, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पास झालीस, तोंडात साखर पडो तुझ्या, पण विष? मी?

"ताई, ऐका तरी," ती म्हणाली. "थकलेल्या हृदयाला बळ देणारं औषध आहे ते. तुमच्याशिवाय कुणाचं नाव लावणार होते मी?"

आता यावर काय बोलणार? तरी बोललेच. चांगली झापली तिला.

तेवढ्यात दीर आला. पास झाल्याचं ऐकलं आणि चपला काढता काढता म्हणाला, "चला, हौस फिटली ना? आता बास. नोकरी, रात्रपाळ्या, ही थेरं आपल्या घरात चालायची नाहीत." आवाज चढला तशा सासूबाई सवयीनं उठायला लागल्या.

धाकटीनं त्यांचा खांदा धरून त्यांना खाली बसवलं. "आई, तुम्ही कुठेही जायचं नाही." मग नवऱ्याचं मनगट पकडलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिली. तो हात सोडवायला लागला.

"गप्प उभे राहा. मोजतेय."

मुखदुर्बळ म्हणे! मिनिट संपलं तसा तिनं त्याचा हात सोडला आणि माझ्याकडे वळली.

"साठच्या वर आहे, ताई. द्या डोस."

मी पदर खोचला.