पेढा मीच भरवला होता

मंडळी, आज उमरग्यात माझ्या आठ वर्षांच्या अनूचं टॉन्सिलचं ऑपरेशन होतं. ते झालं नाही, आणि ते माझ्यामुळं.

पंधरा दिवस मी डॉक्टरांचं डोकं खाल्लं. कापून काढणार की जाळून? ते म्हणाले, "ताई, दोन्ही चालतं. कापताना रक्त थोडं जास्त जातं, जाळलं तर नंतर दुखतं जास्त." लई विचार करून मी कापायचं ठरवलं.

आज भूल देणाऱ्या मॅडमनी विचारलं, "हिनं काही खाल्लंय का?"

मी ठासून सांगितलं, "न्हाय. पाणीसुद्धा न्हाय."

अनू हळूच म्हणाली, "मम्मी, तू पेढा दिलास की."

तुळजापूरचा प्रसाद होता तो. घरातून निघताना मीच तिला भरवला होता. प्रसादसुद्धा खाण्यात धरायचा असतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मॅडम ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भुलीत उलटी होऊन छातीत गेली असती, तर कुठली पद्धत कामाला आली असती?"

ऑपरेशन पुढं ढकललं. घरी आल्यापासून अनू विचारतीय, "मम्मी, मी सांगायला नको होतं का?"

तुम्हीच सांगा, काय उत्तर देऊ हिला?