रुपरावजी पास झाले

लोक मले विचारतात, अंजनाबाई, तुमच्या अभ्यासिकेतून किती पोरं बी.ए. झाली? मी म्हणते, मोजायचं काम समितीचं. माह्यं काम झाडू मारायचं, मटका भरायचा आन् दारावर पास पाहायचा. पण एक माणूस कसा पास झाला ते मी सांगू शकते, आन् सांगताना मले अजून राग येते.

आणीबाणीच्या आधीची गोष्ट. अभ्यासिका म्हणजे विहाराच्या मागच्या दोन खोल्या. आमच्या वस्तीत कोणाच्या घरी टेबल होतं? एका खोलीत सात माणसं, त्यातच चूल, त्यातच शिलाई मशीन. म्हणून वस्तीनं वर्गणी काढून ही जागा केली. नोकरी करून, कॉलेजात न जाता बाहेरून परीक्षा देणाऱ्यांसाठी. पुस्तकं फुकट, लाइट फुकट, जुने पेपर फुकट. खुर्च्या मोजक्या आन् मागणारे डबल, त्याच्यामुळं नियम कडक. परीक्षेचा फॉर्म भरला त्यालेच पास. दरसाल गुणपत्रिका दाखवायची, मार्क वाढलेले पाहिजेत. आन् बी.ए. झालं की खुर्ची सोडायची.

रुपराव मेश्राम रेल्वेच्या वर्कशॉपातून रिटायर होऊन आले. फिटर होते, मॅट्रिक झालेले. बायको कौशल्या वारली, मंग पोरगी लग्न होऊन भिलाईले गेली. घरी बोलायले फक्त भिंती. सकाळी मी कुलूप उघडत नाही तं हे मागं उभे. "जय भीम, अंजनाबाई. मटका भरला का?" आता बाप्पा, दार उघडायच्या आधी मटका कुठून भरू? चीड यायची मले. पण एखाद्या दिवशी उशीर झाला तं झाडू मारताना सारं लक्ष दाराकडंच.

बाकीचे विषय त्यांनी पटापट काढले. राहिली एक इंग्रजी. दरसाल तिच्यातच फेल. आन् मौज अशी, का पोट्टे इंग्रजी शिकायले त्यांच्याकडंच जात. गिरिधर म्हणून एक हमालाचा पोरगा होता, त्याले सुट्टीचा अर्ज लिहिता येत नव्हता. रुपरावजींनी त्याले शिकवलं, तो पास होऊन बँकेत लागला. सुमती पास झाली, पेढे देऊन गेली ते गेलीच. आमचे रुपरावजी मात्र जिथल्या तिथं. समितीचे सेक्रेटरी हसून म्हणत, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण." मले ते बोलणं अजिबात आवडत नसे.

मंग एका साली अभ्यासिकेतल्या वसंतानं मले सांगितलं. पोट्ट्याचा नंबर परीक्षेत त्यांच्या मागंच आला होता. म्हणे, "बाई, काका अर्धा पेपर लिहितात आन् पेन ठेवून देतात. मंग बेल होईपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसतात. घाबरत असतील."

दुसऱ्या दिवशी मी त्यांले मटक्यापाशीच गाठलं.

"काहून जी, पेपर अर्धा सोडता? अक्कल गहाण टाकली का?"

त्यांले राग आला नाही. पाणी पिले, गिलास विसळून पालथा ठेवला.

"बाई, पूर्ण लिहिला तं पास होईन ना."

"मंग? त्याच्यासाठीच तं मरमर करून राहिले सारे."

"पास झालो तं दुसऱ्या दिवशी सकाळी कुठं जाऊ?" ते म्हणाले. "घर खाले उठते मले. दोन शब्द बोलतो ते इथंच. पस्तीसले पास आहे. मी दरसाल थोडे थोडे वाढवतो, म्हणजे सेक्रेटरीले वाटते माणूस मेहनत करून राहिला. आणखी काही वर्षं निघतात."

म्हणजे माणूस मोजूनमापून फेल होत होता. मी कपाळाले हात लावला. त्या खुर्चीवर एखादं गरजू पोरगं बसलं असतं, हे मनात आलं आन् मी तोंडावर बोलली. मले पोटात ठेवता येत नाही.

"खरं आहे तुमचं," ते म्हणाले. "म्हणून तं शिकवतो पोरांले. तेवढंच जागेचं भाडं."

मी कोणाले काही सांगितलं नाही. सांगायले पाहिजे होतं, म्हणतील लोक. म्हणोत. मी बी एकटी बाई. घर कसं खाले उठते, ते मले कोणी समजावायची गरज नव्हती.

त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात इंग्रजीच्या पेपरात कोर्सबाहेरचं आलं. पोट्टे पेटले. विद्यापीठावर मोर्चा न्यायचं ठरलं, पुढारी आमचा वसंत. अभ्यासिकेत बसूनच फलक रंगवून राहिले होते. रुपरावजी त्यांले समजावत होते, "अरे, भांडता कायले? पुढच्या साली द्या पेपर."

वसंत म्हणाला, "काका, आमचं आम्ही पाहून घेऊ. हे तुमच्यासाठी आहे. तुमाले दरसाल थोडक्यासाठी फेल होताना आमच्यानं पाहवत नाही."

रुपरावजींच्या तोंडचं पाणी पळालं. बोलतील तरी काय? नका रे, मले फेलच राहू द्या, असं म्हणतील? मले तिथं ओरडून सांगावं वाटलं. नाही सांगितलं. ज्याचं गुपित त्यानं सांगावं. ते उठले आन् एका पोट्ट्याच्या फलकावरची चूक दुरुस्त करून दिली.

विद्यापीठ नमलं. त्या पेपराले बसलेल्या सगळ्यांले पाच मार्क वाढवून दिले. रुपरावजींनी त्या साली बत्तीस घेतले होते.

निकालाच्या दिवशी पोट्ट्यांनी त्यांले खांद्यावर घेतलं. गुलाल काय, ढोल काय. सेक्रेटरींनी हार घातला, भाषण ठोकलं, का या वयात माणूस काय करू शकते ते पाहा. रुपरावजी रडून राहिले होते. बायामाणसं म्हणाली, आनंद मावत नाही बिचाऱ्याच्या पोटात. मी तोंडाले पदर लावला आन् मागं जाऊन झाडू घेतला हातात. झाडायचं काही नव्हतं.

संध्याकाळी मी सेक्रेटरीकडं गेली. म्हटलं, त्यांले एम.ए.ले बसू द्या, खुर्ची राहू द्या. ते म्हणाले, "बाई, बी.ए.साठीच पोरं रांगेत उभी आहेत. कोणाले नाही म्हणू?" खोटं बोलत नव्हते. म्हणूनच जास्त राग आला.

दुसऱ्या सकाळी रुपरावजी आले ते पास परत द्यायले. लतिका नावाची नवी पोरगी त्यांच्या जागेवर बसून राहिली होती. तिले म्हणाले, "बेटा, पाय हालते या खुर्चीचा, खाली कागद घालत जा." आन् गेले. पोट्टे चार दिवस म्हणत राहिले, काकांकडं जाऊ, काकांकडं जाऊ. मंग ज्याचा त्याचा अभ्यास सुरू झाला. पोट्ट्यांचा काय दोष?

दिवाळीनंतर माह्या गुडघ्यानं जीव घेतला, म्हणून मी सरकारी दवाखान्यात गेली. चिठ्ठी काढून बाकावर जागा पाहून राहिली, तं कोपऱ्यात रुपरावजी. इस्त्रीचा सदरा, पायाशी जेवणाचा डबा. बाजूच्या खेड्यातल्या म्हाताऱ्याले त्याची चिठ्ठी वाचून दाखवत होते. मले पाहून सरकले, जागा केली.

"काय झालं जी तुमाले?" मी घाबरून विचारलं.

"काही नाही. तब्येत ठणठणीत आहे."

"मंग इथं?"

"चिठ्ठी काढली का दिवसभर बसता येते, बाई. कोणी उठवत नाही. लोक बोलतात आपल्याशी."

"आन् नंबर आला म्हणजे?"

"मागच्याले पुढं पाठवतो."

तेवढ्यात कंपाउंडरनं त्यांचं नाव पुकारलं, दोनदा पुकारलं. ते खाली पाहत बसले. त्यांच्या जागी तो म्हातारा उठून आत गेला. बऱ्याच वेळानं माह्यं नाव आलं. गुडघा ठणकत होता. रुपरावजी म्हणाले, "जा ना, अंजनाबाई."

मी उठली नाही.