उतारावर लावलेली गाडी

माणसाला टोपणनाव देताना गल्ली कुणाची परवानगी घेत नाही. काकूंनी आयुष्यभर शिवणकाम केलं. अर्ध्या वस्तीचे पडदे आणि पोरांचे गणवेश त्यांच्या पायमशीनवरून गेले, तेव्हा लोकांनी त्यांना शिवणकाकू म्हटलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण नवऱ्याने डिझेलवर चालणारी गाडी घेतली, गल्लीने त्याला डिझेलकाका केलं आणि ओघाने ह्या डिझेलकाकू झाल्या. लग्नानंतर आडनाव बदललं ते त्यांनी चालवून घेतलं होतं. गाडीत काय भरतात त्यावरून आपलं नाव पडावं, हे मात्र त्यांना कधीच पचलं नाही.

गाडी लांबलचक होती. मागे सामानाला भरपूर जागा आणि आत सात माणसं आरामात बसतील अशी ऐसपैस. घरात माणसं तीन, त्यातली मुलगी तेव्हा शाळेत जाणारी. एवढा डबा कशाला, असं काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. डिझेल परवडतं, असं काकांनी सांगितलं आणि ते खोटं नव्हतं. डिझेलपायी जे वाचलं ते सगळं त्यांनी इमानेइतबारे गॅरेजवाल्याला नेऊन दिलं, एवढंच.

त्या काळी तशा गाड्या गल्लोगल्ली होत्या आणि लोक त्यांच्या नावाने बोटं मोडत होते. काकांची गाडी खाकरली की शेजारणी दोरीवरचे कपडे आत घ्यायच्या. समोरचे बँकवाले स्वतःची तसलीच गाडी विकून मोकळे झाले आणि दुसऱ्या दिवसापासून नाकाला रुमाल लावून फिरायला लागले, जणू काही धुराशी त्यांची कधी ओळखच नव्हती. हळूहळू सगळ्यांनी आपापली गाडी भंगारात घातली. काका हलले नाहीत. असं इंजिन आता कुणी बनवत नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बनवणाऱ्यांना अक्कल आली असेल, हे काकूंचं ठरलेलं उत्तर. गाडी म्हणजे तुमची सवत आहे, असं कुणी चिडवलं तर त्या म्हणायच्या, सवतीला निदान स्वतःच्या पायांनी चालता येतं.

कारण गाडीला ते येत नव्हतं. एका थंडीत तिचा स्टार्टर गेला आणि गॅरेजवाल्याने हात वर केले. ह्या गाडीचा स्टार्टर आता बाजारात येत नाही, कुठे जुना सापडला तर कळवतो, म्हणाला. दुसऱ्या कुणी गाडी फुंकून टाकली असती. काकांना मात्र आपलं घर चढाच्या टोकाला आहे हे आठवलं, आणि एवढा आनंद त्यांना मुलगी झाली तेव्हाही झाला नव्हता.

तेव्हापासून गाडी दारात तोंड उताराकडे करून उभी राहायला लागली. पुढच्या चाकाला एक दगड. बाहेर जायचं झालं की काका स्टीअरिंगवर बसणार, काकू वाकून दगड ओढून काढणार, मग मागे जाऊन एक धक्का देणार. गाडी घरंगळली की काका दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडणार, इंजिन धडधडणार आणि काकूंच्या तोंडावर काळा धूर फेकून गाडी खाली निघून जाणार. मध्ये थांबवली तर बंद पडेल म्हणून काका थेट उतार संपतो तिथे उभे राहायचे. काकू चांगली साडी सावरत, धूर पुसत, मागून चालत जायच्या. दार उघडून बसल्या की काका सांगायचे, "जोरात ओढ, लागत नाही ते." दर वेळी सांगायचे. इतक्या वर्षांत काकूंना ते माहीत झालं असेल, ही शंका त्यांना कधी आली नाही.

मग सगळा संसारच त्या उताराला लागला. भाजी पुलाच्या चढावरच्या दुकानातून, कारण तिथे गाडी लावता येते. सपाट भागात राहणारे नातेवाईक हळूहळू तुटले. आणि काकूंचे गुडघे, जे मशीन चालवून आधीच कुरकुरत होते, त्यांनी उघड बंड पुकारलं. डॉक्टरांनी चढ-उतार बंद करायला सांगितलं. मुलगी जावयाबरोबर दुसऱ्या शहरात, तळमजल्यावर राहत होती. तिने एक खोली रिकामी केली, न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला आणि आता कायमचे या म्हणून रोज फोन सुरू केला. काकूंनी कपाटातली एक पिशवी भरून ठेवली.

काका नाही म्हणाले नाहीत. ते फक्त म्हणाले, "तिथे उतार कुठे आहे? गाडी सुरू कशी करायची?"

गाडी विका, असं काकूंनी सांगून पाहिलं. बंद गाडी कोण घेतो, असं काकांनी विचारलं. आणि गाडी बंद असते हे काकूंइतकं कुणाला ठाऊक होतं? त्या पिशवीतले लोकरीचे कपडे महिन्या-दोन महिन्यांनी उन्हात घालायच्या आणि परत भरून ठेवायच्या.

एवढ्यात जगाला काय झालं कोण जाणे, ती गाडी एकाएकी दुर्मिळ झाली. रस्त्यात तरुण मुलं थांबून तिचे फोटो काढायला लागली. रुमालवाले बँकसाहेबसुद्धा, काय मजबूत गाड्या होत्या, म्हणून उसासे टाकायला लागले. काकूंना ह्या सगळ्याचं भारी हसू यायचं. दुर्मिळ म्हणजे काय, तर शहाण्यांनी वेळेवर मोडीत काढली आणि एका हट्टी माणसाने काढली नाही.

आणि एका रविवारी सकाळी दातांचे एक डॉक्टर दारात येऊन उभे राहिले. चाळिशीचे, गोड बोलणारे. त्यांच्या वडिलांची अशीच गाडी होती म्हणे, आणि ती विकल्याचं दुःख त्यांनी एवढी वर्षं उराशी धरलं होतं. सगळ्या शहरात अशा दोनच उरल्यात, त्यातल्या एकीत कोंबड्या राहतात, असं ते गहिवरून सांगत होते. गाडीच्या पत्र्यावरून त्यांनी ज्या मायेने हात फिरवला, ती पाहून काकूंना वाटलं, ह्या माणसाला एकदा धक्का मारायला लावला पाहिजे. पण त्या मूग गिळून बसल्या. गाडी जाण्याची ही एकच आशा होती, ती हसून घालवण्यात अर्थ नव्हता.

चहा झाला. काका नेहमीसारखे नाही म्हणत नव्हते आणि हो तर मुळीच म्हणत नव्हते. त्यांनी गाडीचं स्टार्टरचं दुखणं रंगवून सांगितलं. किल्लीने ती सुरू होत नाही, उतारावरूनच सोडावी लागते, तुम्हाला झेपायची नाही. डॉक्टर म्हणाले की नुसतं आत बसून बघतो. काकांना काही सुचायच्या आत ते स्टीअरिंगवर बसले. किल्ली आतच लटकत होती. ह्या घराचे रीतिरिवाज त्या बिचाऱ्याला माहीत नव्हते, म्हणून गाडीत बसल्यावर कुणीही जे करील ते त्यांनी केलं. किल्ली अर्धी फिरवली, इंजिन गरम होऊन समोरचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबले आणि मग पूर्ण फिरवली.

गाडी सुरू झाली. पहिल्या झटक्यात, उतार नाही, धक्का नाही, चाकाला दगड तसाच.

काकूंना आधी वाटलं, गल्लीत दुसरीच कुठली गाडी आली. डॉक्टर खुशीत उतरले, बॉनेट वर करून आत डोकावले. स्टार्टर तर ठणठणीत आहे काका, म्हणाले, बदललेला दिसतोय, कधी बसवला?

काका चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिले. झाले बरेच दिवस, असं पुटपुटले. गॅरेजवाल्याला कुठेतरी जुना मिळाला होता.

काकूंनी एकच गोष्ट विचारली. गेल्या वर्षी त्यांच्या दोन्ही गुडघ्यांत इंजेक्शन दिलं होतं. बाहेर आल्या तर इस्पितळाचं आवार सपाट. तिथल्या एका वॉर्डबॉयला हाताशी धरून त्यांनी गाडी फाटकापर्यंत ढकलत नेली होती आणि ती सुरू झाल्यावर कठड्यावर बसून रडल्या होत्या. काकांनी तेव्हा पाण्याची बाटली पुढे केली होती.

"इस्पितळाच्या आधी की नंतर?"

काकांनी बॉनेट खाली ओढून बंद केलं. इंजिन धडधडत होतं.

"अहो, मी विचारतेय. आधी की नंतर?"

"आधी," काका म्हणाले. मग कुणी न विचारता, खालच्या आवाजात म्हणाले, "तिकडे मला कोण ओळखतं गं? जावयाच्या घरात कोपऱ्यात बसायचं. इथे निदान डिझेलकाका तरी आहे."

ह्या माणसाला गाडी सोडवत नाही, असं काकू इतकी वर्षं समजत होत्या. गाडी बिचारी निमित्ताची धनी. ह्याला उतार सोडवत नव्हता, आणि त्यासाठी ह्याने बायकोचे गुडघे खर्ची घातले होते. काकूंना एवढा राग आला की त्यांचा आवाज उलट शांत झाला.

"डॉक्टर, बंद करू नका हं," त्या म्हणाल्या. "मी पिशवी घेऊन येते."

त्या पिशवी घेऊन आल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या. मुलीचा पत्ता सांगितला. मला तिथे पोचवा, मग गाडी नेऊन काय पूजा करायची ती करा, ह्यांच्या सह्या मी मिळवून देते, म्हणाल्या. डॉक्टर एकदा काकांकडे आणि एकदा काकूंकडे बघत होते. समोरच्याने तोंड मिटून घेतलं की काय करायचं, हे त्यांना दवाखान्यात कधी शिकवलं नसावं. शेवटी ते मुकाट्याने बसले.

"दगड," काकू खिडकीतून म्हणाल्या.

काका वाकले. दगड रुतला होता, तो काढायला त्यांना दोनदा गुडघ्यावर हात टेकावा लागला. गाडी हलली, आणि बाजूला व्हायच्या आत सगळा धूर त्यांच्या धुवट पांढऱ्या शर्टावर बसला. काकूंनी आरशात नीट बघून घेतलं. काका डोळे पुसत होते, धुराने म्हणा किंवा कशाने म्हणा. मग ते मागून चालायला लागले.

"थांबू का काकू? काका येतायत."

"इथे नाही. खाली, उतार संपतो तिथे थांबा. मी नेहमी तिथेच चढायचे."

डॉक्टरांनी गाडी खाली नेऊन उभी केली. काका बऱ्याच वेळाने पोचले, धापा टाकत. त्यांनी सवयीने पुढच्या दाराला हात घातला, आत काकूंना बघितलं, आणि मागचं दार उघडून मागे बसले. घराला कुलूप लावायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

काकूंनी मान वळवली नाही.

"जोरात ओढा," त्या म्हणाल्या. "लागत नाही ते."